उमेदवाराची पारख आणि आपली ज्ञातिसंस्था

(मंडळाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त शिक्षक-सभासदांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, वधूवर-सूचीचे वाचन व्हावे, जमाखर्च मंजूर व्हावा आणि भोजनोत्तर सर्वांनी आनंदाने आपापल्या गावी जावे, असा आपला आजवरचा शिरस्ता आहे. अशा प्रसंगी निवडणुकीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि यंदा कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आली आहे व तिचा निर्णय आज या सभेने करावयाचा आहे. सूचना अशी की, येत्या निवडणुकीत जो उमेदवार आपल्या सभागृहाच्या वरच्या मजल्यासाठी निधी देण्याचे कबूल करील, त्याला समस्त शिंपी समाजाचा पाठिंबा असल्याचे पत्रक मंडळाने आपल्या सहीशिक्क्यानिशी काढावे. सूचना मांडणारे बंधू मंडळाचे जुने व निष्ठावंत कार्यकर्ते आहेत. या सभागृहासाठी त्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली आहे. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु ही सूचना मान्य होऊ नये असे माझे मत आहे, आणि ते तसे का, हे यथामति सांगण्याची अनुज्ञा अध्यक्षांनी दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या दोन्ही तालुक्यांना निवडणूक ही काही नवलाची गोष्ट नाही. १९५७ साली बारामती मतदारसंघातून केशवराव जेधे लोकसभेवर गेले. त्यांच्या निधनानंतर १९६० साली पोटनिवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसतर्फे गुलाबराव जेधे उभे होते आणि त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार होते. वसंतरावांचे धाकटे बंधू शरदराव तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते व काँग्रेसचे काम करीत होते. मातोश्री शारदाबाई शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांच्या, उमेदवार सख्खा थोरला भाऊ. तरीही धाकट्याने प्रचार केला तो काँग्रेसचा. जेधे निवडून आले, वसंतराव पराभूत झाले. परंतु भाऊ भाऊच राहिले. ही हकीकत शरदरावांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. एका घरात दोन मते असणे आणि तरीही घर एक असणे, हे या भूमीला १९६० सालीच ठाऊक होते.

बाहेरच्या लोकांना वाटते की बारामती म्हणजे एका घराण्याचे वतन. इतिहास तसे म्हणत नाही. याच लोकसभा मतदारसंघाने १९७७ साली आणि पुन्हा १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे यांना निवडून दिले. इंदापूरचे कै. शंकरराव बाजीराव पाटील १९८० व १९८९ साली येथूनच खासदार झाले. सुप्रियाताई सुळे २००९ साली ३ लाख ३६ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. पाचच वर्षांनी, २०१४ साली, तेच मताधिक्य ६९,७१९ वर आले. २०१९ साली ते पुन्हा १ लाख ५५ हजारांच्या पुढे गेले. उमेदवार तोच, मतदारसंघ तोच. लोकमत मात्र दर पाच वर्षांनी नव्याने हिशेब मांडीत होते.

आता २०२४ सालाकडे वळतो. ते वर्ष आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि ते किती अवघड गेले हेही आपणांस ठाऊक आहे. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजितदादा पवार यांच्या बाजूला दिले. शरदरावांच्या बाजूला पुढे तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले. लोकसभेला एकीकडे सुप्रियाताई आणि दुसरीकडे सुनेत्राताई पवार, म्हणजे नणंद आणि भावजय, अशी लढत झाली. त्या दोन महिन्यांत गावोगावच्या पारावर, एसटी स्टँडवर, आणि आपल्या दुकानांतून बटणाला काज पडेपर्यंतच्या अवधीत, दुसरा विषय नव्हता.

प्रचारात दोन्ही बाजूंनी लागट शब्द निघाले. मूळचे पवार कोण आणि बाहेरून आलेले कोण, असा एक उल्लेख शरदरावांच्या तोंडून झाला. त्यांनी नंतर त्याचा खुलासा केला, तरी घरोघरच्या सुनांच्या मनाला तो लागला. इंदापुरात वकील व डॉक्टर मंडळींपुढे बोलताना अजितदादांनी निधी हवा तेवढा देऊ, पण बटणही आमचेच दाबा, नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यावर तक्रार झाली. निवडणूक अधिकाऱ्यांना त्यात प्रथमदर्शनी आचारसंहितेचा भंग आढळला नाही. कायद्याचा निर्णय तो झाला. परंतु लोकांच्या मनात एक निराळे न्यायालय भरलेले असते, आणि त्याचे कामकाज मुकाट्याने चालते.

७ मे रोजी मतदान झाले, ४ जूनला निकाल लागला. सुप्रियाताई १,५८,३३३ मतांनी विजयी झाल्या. आपल्या दृष्टीने याहून बोलका आकडा इंदापूरचा आहे. त्या वेळी इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणेमामा आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी हर्षवर्धन पाटील हे दोघेही एकाच आघाडीत, म्हणजे सुनेत्राताईंच्या बाजूला होते. तालुक्यातील दोन मोठे प्रवाह एकत्र झाले; आता पाणी दुसरीकडे जाईल कसे, असे जाणते लोक म्हणत होते. प्रत्यक्षात इंदापूर विधानसभा क्षेत्राने सुप्रियाताईंना २५ हजारांहून अधिक मताधिक्य दिले, आणि बारामतीने ४५ हजारांहून अधिक.

यावरून कोणी म्हणेल की लोकमत एका बाजूचे झाले. पण थांबा. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी त्याच मतदारांनी पुन्हा बोटाला शाई लावून घेतली. बारामतीत अजितदादा युगेंद्र पवारांविरुद्ध १,००,८९९ मतांनी विजयी झाले. इंदापुरात हर्षवर्धन पाटील आता शरदरावांच्या पक्षात आले होते, म्हणजे मे महिन्यात ज्या बाजूला मताधिक्य होते त्या बाजूला. तरीही निवडून आले ते भरणेमामाच, सुमारे १९ हजार मतांनी. लोकसभेला ताई आणि विधानसभेला दादा, असे लोक पारावर उघड बोलत होते आणि त्यांनी ते करून दाखविले.

बंधूंनो, या दोन निकालांमध्ये कोणाचा जय आणि कोणाचा पराजय झाला, हे मी येथे सांगत नाही. या व्यासपीठाचे ते काम नव्हे. मी एवढेच दाखवू इच्छितो की, सहा महिन्यांत ज्या मतदारांनी दोनदा, दोन निरनिराळ्या प्रश्नांची दोन निरनिराळी उत्तरे दिली, ते कोणाच्या खिशात नव्हते. दोन मोठे पुढारी एकत्र येऊन जे इंदापूर एका बाजूला नेऊ शकले नाहीत, ते एखाद्या ज्ञातिमंडळाचे पत्रक नेईल काय? मग ज्या पत्रकाने एक मतही हलणार नाही, ते देऊन आपण काय देणार? आपण देणार ते केवळ आपले नाव. आणि नाव एकदा दिले की परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट मतदान केंद्रावरील अनुभवाने सांगतो. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे काम चुकत नसे. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या. मतदार आडोशाला जाऊन फुलीचा शिक्का मारी, घडी घालून ती पेटीत टाकी, आणि निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. आता यंत्रे आली. कोणी कोणाला मत दिले हे यंत्रालाही सांगता येत नाही आणि ते गुप्त राहते, याविषयी आपल्या माताभगिनींनी निःशंक असावे. मात्र कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे निकालानंतर उघड होते. याचा अर्थ असा की, एखाद्या वाडीत वा आळीत आपली दहावीस घरे असली आणि मंडळाने पत्रक काढले, की निकालाच्या दुसऱ्या दिवशी पत्रक आणि आकडा शेजारी ठेवून पाहणारे लोक असतात. पत्रकातील उमेदवार हरला तर जिंकलेला म्हणतो, हे माझ्या विरोधातले. तो जिंकला आणि केंद्रावर मते कमी दिसली, तर तोही म्हणतो, यांनी मला फसविले. भोगावे लागते ते त्या आळीतल्या दुकानदाराला, ज्याला पत्रक निघाल्याचे कदाचित माहीतही नसते. आपल्या पदरी सर्व पक्षांची गिऱ्हाइके आहेत. पूर्वी निवडणूक आली की एकाच मशिनवर सकाळी एका पक्षाच्या टोप्या आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचे झेंडे शिवले जात. आता तो माल बहुधा छापून तयार येतो, तरी सदरे शिवून घ्यायला सर्वच येतात. माप घेताना आपण कोणाला पक्ष विचारीत नाही. तोच आपला व्यवसायधर्म, आणि तोच मंडळाचाही असावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे धर्म, जात, जमात, भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, असा निर्णय दिला की केवळ उमेदवाराचीच नव्हे, तर मतदाराची जात पुढे करून केलेले आवाहनही यात येते. उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कोणी असे आवाहन केले, तरी त्याची निवड रद्द होण्याचा प्रसंग येऊ शकतो. म्हणजे आपण ज्याला साहाय्य करावयास जाऊ, त्यालाच गोत्यात आणू. शिवाय मतासाठी लाभ देणाऱ्याप्रमाणे तो घेणाराही गुन्हेगार ठरतो, असे भारतीय न्याय संहितेचे १७० वे कलम सांगते. सार्वजनिक कामाचे जाहीर आश्वासन यात मोडत नाही, हे खरे. परंतु आधी निधी कबूल करा, मग पत्रक देतो, असा खाजगी सौदा आणि जाहीर आश्वासन यांतील अंतर कच्च्या टाक्याएवढे असते. एका ओढीत ते सुटते.

निधीविषयीही थोडे स्पष्ट बोलतो. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये सुचविता येतात. आमदारांचाही असाच निधी असतो. हा पैसा उमेदवाराच्या घरचा नव्हे. आपण धाग्याच्या रिळापासून मशिनच्या तेलापर्यंत प्रत्येक वस्तूवर जो कर भरतो, त्यातून तो जमतो. जे आपलेच आहे, ते मागताना मान खाली घालावी लागू नये. निवडणूक झाल्यावर, जो कोणी निवडून येईल त्याच्याकडे, सभेच्या ठरावाची प्रत जोडून, दिवसाढवळ्या लेखी अर्ज करावा. नियमात बसत असेल तर काम होईल. न बसेल तर आपण वर्गणी काढू. तळमजला आपण वर्गणीतूनच उभा केला आहे, हे विसरू नये.

आता कोणी विचारील, मंडळाने पत्रक काढावयाचे नाही, तर मग सामान्य मतदाराने करावे तरी काय? माझे उत्तर असे की, प्रत्येकाने स्वतः पारख करावी. आपली तर जातच कापड पारखणारी आहे. गिऱ्हाईक वरचा रंग पाहते; आपण ते उलटून पाहतो, धुतल्यावर आटेल काय ते पाहतो, अस्तर पाहतो. प्रचार हा वरचा रंग आहे. तो उमेदवाराने लावावाच, त्यात गैर काही नाही. परंतु सचोटी आत असते, आणि ती पाहण्याची काही साधने आज प्रत्येक मतदाराच्या हाती आहेत.

प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. २००२ व २००३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी हा मतदाराचा हक्क पक्का झाला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. आपल्या घरचा दहावीतला मुलगा ते मोबाइलवर काढून आजीला वाचून दाखवू शकतो. मागच्या वेळचे आणि या वेळचे अशी दोन्ही प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवा. पाच वर्षांत काय वाढले ते दिसेल. २०२४ साली खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये होती. आपण हिशेबी माणसे आहोत. मांडव, गाड्या, जेवणावळी आणि फलक यांचा अंदाज आपल्याला बांधता येतो. तो या आकड्यांत बसतो काय, हे मनाशी ताडून पाहावे.

पक्ष बदलणे हा आजकाल सर्वांच्या टीकेचा विषय आहे. त्याविषयी मी घाईने निकाल देणार नाही. इंदापुरातच पाहा. हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ व २००४ साली अपक्ष म्हणून निवडून आले, २००९ साली काँग्रेसतर्फे. २०१९ साली ते भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शरदरावांच्या पक्षात. भरणेमामा २००९ साली अपक्ष लढले, पुढे राष्ट्रवादीतर्फे २०१४ व २०१९ साली जिंकले आणि पक्षफुटीनंतर अजितदादांबरोबर राहिले. मतदारांनी या सर्व अवस्थांत कधी त्यांना स्वीकारले, कधी नाकारले. लोक केवळ झेंड्याचा रंग पाहत नाहीत, हाच याचा अर्थ. मग त्यांनी पाहावे काय? पक्ष बदलताना माणसाने कारण उघड सांगितले काय, आणि काल ज्याला नावे ठेवली त्याच्या शेजारी आज बसताना कालच्या शब्दांचा जाब तो देतो काय, हे पाहावे. पराभवानंतर तो गावात दिसतो काय, हे पाहावे. आणि आपल्याकडून चुकले असे म्हणण्याची वेळ आली, तर ते त्याला म्हणता येते काय, हेही पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये अजितदादांनी, बहिणीविरुद्ध पत्नीला उभे करावयास नको होते, राजकारण घरात शिरू द्यावयाचे नसते, अशा अर्थाचे उद्गार जाहीरपणे काढले. त्यांच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो, असे उद्गार मतदाराने हिशेबात धरावेत. त्यांची किंमत किती करावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यावरूनच शेवटच्या मुद्द्याकडे येतो. एवढ्या मोठ्या घराला जे जड गेले, ते आपल्या लहान घरांना किती जड जाईल? २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्याही काही घरांत बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एका लग्नपत्रिकेतून चुलत्यांचे नाव गाळले गेले. मंडळाने पत्रक काढले तर ही फाटाफूट मंडळात येईल. ज्यांचा उमेदवार पत्रकात नाही, ते पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाहीत, वधूवर-सूचीत नाव देणार नाहीत, मुलांना बक्षीस घ्यायला पाठविणार नाहीत. एक मजला चढविताना पाया उसवू नये. ज्या नामदेव महाराजांचे नाव आपण लावतो, ते पंढरीहून निघून पंजाबापर्यंत गेले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट झाली. त्यांनी आपली ओळख एवढी विस्तारली. आपण ती एका मतपेढीएवढी आखूड करू नये.

केवळ विरोध करून मी खाली बसणार नाही. मूळ सूचनेऐवजी पुढील ठराव सभेने विचारात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. एक, मंडळ कोणत्याही निवडणुकीत कोणत्याही उमेदवारास वा पक्षास पाठिंब्याचे वा विरोधाचे पत्रक काढणार नाही. पदाधिकाऱ्यांनी व्यक्तिशः हवे त्याचे काम करावे, मात्र मंडळाचे नाव व शिक्का वापरू नये. दोन, सभागृह कोणासही द्यावयाचे ते ठरल्या भाड्याने, पावती फाडून, सर्वांना सारख्याच नियमाने द्यावे. तीन, सर्व उमेदवारांना एकाच दिवशी येथे सन्मानाने बोलवावे आणि पाच प्रश्न लेखी विचारावेत: मुलींच्या वसतिगृहाविषयी, लहान कारागिरांच्या कर्जाविषयी, पाण्याविषयी, प्रतिज्ञापत्राविषयी, आणि मागील आश्वासनांविषयी. चार, मंडळाच्या तरुणांनी वृद्ध स्त्रीपुरुषांना यंत्रावरील नाव व चिन्ह ओळखावयास शिकवावे. २०२४ च्या लोकसभेला येथे तुतारी असेच नाव छापलेले दुसरे एक चिन्ह एका अपक्षाकडे होते आणि त्याला सुमारे १५ हजार मते पडली. त्यांतील किती मते नजरचुकीने गेली हे कोणी सांगू शकणार नाही. पण आपल्या घरचे मत आपल्या इच्छेप्रमाणेच पडावे, एवढी दक्षता आपण घेऊ शकतो. आणि पाच, सर्वांनी मतदानास जावे. त्या निवडणुकीत शंभरांतील सुमारे चाळीस मतदार केंद्रावर आलेच नाहीत. जो येत नाही, त्याच्या पाठिंब्याला किंवा नाराजीला काहीच मोल नाही.

सभागृहाचा वरचा मजला दोन वर्षे उशिरा चढला तरी चालेल. त्यावर कोणाचीही पाटी न लावता तो चढला, तर आपली मुले त्यात ताठ मानेने बसतील. या मजल्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वर्गणी मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे. सूचना मांडणारे आमचे बंधू तिची पावती आपल्या हस्ताक्षरात लिहितील तर मला विशेष आनंद होईल. निर्णय सभेचा आहे, आणि तो कोणताही झाला तरी मी मंडळाचा सेवकच राहीन.